दुसऱ्यांदा कॅम्पसला बसण्याआधी

प्रिय,

‘इंजिनिअरची नोकरी सोडून एमबीए करू का’ असं विचारणारं तुझं पत्र सावकाश वाचलं. चाकणच्या कारखान्यातली चार वर्षं, पत्रा दाबून भाग बनवणारं प्रेस शॉप, रात्रपाळीचे फोन, ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईने भरलेल्या चेकशीट... सगळं ओळखीचं आहे. पण एक गोष्ट नजरेत भरली. साहेबाबद्दल तू तीन पानं लिहिलीयस आणि एमबीएबद्दल चार ओळी. साहेब नकोसा झाला असेल तर नोकरी बदल. भोसरीपासून रांजणगावपर्यंत कंपन्या आहेत, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

एमबीएला पैसे कशाचे मोजायचे, ते आधी बघ. ताळेबंद वाचणं, मार्केटिंगची मूलतत्त्वं, खर्चाचा हिशोब हे सगळं पुस्तकं घेऊन घरी शिकता येतं. घरी मिळत नाही ती एकच गोष्ट: दुसऱ्यांदा कॅम्पसला, म्हणजे कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतींना, बसण्याची संधी. बीईच्या वेळी ज्या कंपन्यांनी तुमच्या कॉलेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्या इथे येतात. म्हणून ‘एमबीए करू का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. एमबीएनंतर कुठल्या खुर्चीत बसायचंय, ते आधी ठरव.

‘तिथे गेल्यावर ठरवीन’ असं म्हणशील. तेवढा वेळ मिळत नाही. आयआयएममध्ये जूनच्या सुमारास वर्ग सुरू होतात आणि दिवाळीच्या आगेमागे समर इंटर्नशिपच्या मुलाखती येऊन ठेपतात. तोवर अकाउंट्समधलं डेबिट-क्रेडिटसुद्धा नीट पचलेलं नसतं. ज्याचं काही ठरलेलं नाही तो सगळे जातात तिकडे जातो, कन्सल्टिंगच्या रांगेत उभा राहतो आणि मग मिळेल ते घेतो. इंजिनिअर तर तिथे ढिगाने असतात. उलट काही आयआयएम इतर शाखांतून आलेल्यांना, आणि मुलींना कुठल्याही शाखेच्या असल्या तरी, निवडीत थोडे वाढीव गुण देतात. त्यातला मुलींचा फायदा तुला मिळेल, शाखेचा नाही. दहावी-बारावीचे गुणही मोजतात, तेव्हा ते आधीच काढून समोर ठेव.

तुझ्याजागी मी असतो तर प्रॉडक्शनचा अनुभव टाकून न देता सप्लाय चेन किंवा ऑपरेशन्सकडे वळलो असतो. त्यासाठी पवईचं आयआयएम मुंबई बघ. २०२३ पर्यंत ते नीटी या नावाने ओळखलं जायचं आणि १९६३ पासून त्याची मुळं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्येच आहेत. शॉप फ्लोअर पाहिलेल्या माणसाचं तिथे चीज होतं. राज्याची एमबीए सीईटीही दे. तिच्यातून प्रवेश मिळतो त्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेची फी आयआयएमच्या मानाने बरीच कमी आहे. मात्र ‘पर्सेंटाइल ९९ आले’ म्हणून तिथे कोणी विचारत नाही, शर्यत त्याच्याही वरच्या दशांशात असते. आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे कॅटचा, स्कोअर वर्षभरच चालतो, जीमॅट या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा पाच वर्षं. एक वर्षाच्या कोर्सचाही विचार कर, तिथे पगार एकाच वर्षाचा बुडतो; त्यासाठी जीमॅट सोयीचं.

पैशाचं रोखठोक बोलू. २५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता साधारण ३१,७०० रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं. शिवाय दोन वर्षांचा पगार बुडतो, तो तर हिशोबात कोणी धरतच नाही. ‘शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट मिळते’ असं तुला कुणीतरी सांगितलंय. मिळते, पण जुन्या करप्रणालीत, नव्यात नाही.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या एका ओळीवर मी थांबलो, तिच्याबद्दल. ब्लँकचा, म्हणजे प्रेसखाली जाण्याआधी कापलेल्या पत्र्याच्या तुकड्याचा, ले-आउट बदलून तू नगामागे ४० ग्रॅम पत्रा वाचवलास. महिन्याला २०,००० नग, म्हणजे वर्षाला ९,६०० किलो. ६५ रुपये किलोने सव्वासहा लाख वाचले, आणि साहेबाने शाबासकीसुद्धा दिली नाही. काम झकास आहे. पण ते ४० ग्रॅम आधी कुठे जात होते? भंगारात. भंगार कंपनी फुकट देत नाही. किलोला ३० रुपये येत असतील तर खरी बचत किलोमागे ३५ रुपयांची, म्हणजे ३ लाख ३६ हजार. पुढे, कोटेशनमध्ये ग्राहकाला कोणतं वजन दाखवलंय? दरवर्षी रेट कमी करून मागणाऱ्या त्यांच्या परचेसवाल्याला नवं वजन कळलं, तर त्यातलेही किती आपल्याकडे राहतील? आणि भागाचं ड्रॉइंग बदललं नसेल तर त्याला ते कळावं की नाही, हे कोण ठरवतं?

हे प्रश्न वाचून ‘च्यायला, हे माझ्या लक्षातच आलं नाही’ असं होऊन तू उद्या कॉस्टिंगवाल्याच्या टेबलाशी जाऊन बसणार असशील, तर तू जा. खुशाल जा. ‘पत्रा वाचला ना, मग बाकीच्याशी मला काय करायचंय’ असं वाटलं, तर तू जातिवंत इंजिनिअर आहेस. मग टूल डिझाइनकडे वळ, त्यातही मोठं होता येतं. आपल्याकडे मॅनेजर झाल्याशिवाय माणूस मोठा झाला असं कुणी मानत नाही, हा तुझा दोष नव्हे.

मुलाखतीत ‘इंजिनिअरिंगनंतर एमबीए कशाला’ हे विचारणारच. तिथे लीडरशिप वगैरे शब्द काढू नकोस, हा भंगाराचा हिशोब सांग. पण पाठोपाठ डीप ड्रॉइंगमध्ये, म्हणजे पत्रा दाबून खोल आकार देताना, तो का फाटतो, असंही विचारतील. ते आलं नाही, तर चार वर्षं काय केलंस, असा प्रश्न उरतो.

राजीनामा ॲडमिशन पक्की झाल्यावरच. अभ्यासासाठी नोकरी सोडायची कल्पना डोक्यातून काढ. कॅट नोव्हेंबरात असते, पहाटेचे दोन तास आणि रविवार पुरतात. तुमच्याकडे नोटीस ९० दिवसांची आहे, तेव्हा जूनपासून उलटं मोज आणि तारीख भिंतीवर लिहून ठेव.

बाबांशी मी बोलावं असं तू सुचवलंयस. मी बोलणार नाही. त्यांना लग्नाची काळजी आहे असं तुला वाटतं, मला वाटतं कर्जाची जास्त आहे. कर्जाच्या कागदावर तुझ्यासोबत सही त्यांनाच करायचीय. हप्त्याचा कागद त्यांच्यासमोर ठेव आणि नोकरी मनासारखी नाही मिळाली तर हप्ता कसा भरशील, ते आधी सांग. कॉस्टिंगवाल्याने भंगाराचा खरा भाव काय सांगितला, तेही मला कळव.