वाचकांचे प्रश्न: किरणोत्सारी माल, पाच राज्यं आणि एक हायवे

प्रश्न: आम्ही अमेरिकेत वायोमिंगमधे राहतो, आय-८० पासून जवळच. हायवेवर कधीकधी एक ट्रेलर दिसतो, त्यावर स्टीलचे तीन भलेमोठे गोल डबे आणि किरणोत्साराचं चिन्ह. माल केंद्र सरकारचा आहे म्हणतात, मग यात आमच्या राज्याला काही बोलता येतं का, की फक्त बघत बसायचं?

ताई, बोलता येतं आणि राज्यं बोललीसुद्धा आहेत, चांगली ठणकावून.

आधी डब्यात काय असतं ते सांगतो. तुमच्या वर्णनावरून तो ट्रक बहुतेक आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून युटा, वायोमिंग, कोलोरॅडो असा करत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबादजवळ चाललेला असतो, तिथे जमिनीखाली सुमारे ६५५ मीटरवर मिठाच्या थरात 'विप' नावाची जागा खणलेली आहे. अण्वस्त्रं बनवताना प्लुटोनियम वगैरे लागलेले हातमोजे, अवजारं, चिंध्या, गाळ असा कचरा तिथे कायमचा पुरतात. पहिला ट्रक २६ मार्च १९९९ ला लॉस अलामॉसहून आला.

डब्याचे नियम मात्र पूर्ण केंद्राचे. असा डबा ९ मीटरवरून कडक पृष्ठभागावर पडला, मग १ मीटरवरून स्टीलच्या खुंटावर आपटला, वर ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास राहिला, तरी आतला माल आतच राहायला हवा, पाण्यात बुडवायची अटसुद्धा आहे. आणि ट्रकपासून २ मीटरवर किरणोत्सार तासाला ०.१ मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्साराचा डोस मोजायचं एकक) वर जाता कामा नये. म्हणजे ट्रक बाजूने निघून गेला म्हणून घाबरायचं काही कारण नाही, मुलं गाडीत असली तरी नाही.

पण डबा कितीही भक्कम असला तरी बर्फात ट्रक घसरला तर तिथे पोचणार कोण, तुमचेच पोलीस आणि तुमचेच फायरवाले ना, आणि हे राज्यांनी केंद्राला समजावून सांगायला बरीच वर्षं घालवली. १९८८ मधे आयडाहोचे गव्हर्नर सेसिल अँड्रस यांनी कोलोरॅडोच्या रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्रांच्या कारखान्यातून येणारा कचरा राज्यात घ्यायला सरळ नकार दिला, एक रेल्वे डबा परतसुद्धा गेला. त्याने देशभर या प्रश्नाकडे लक्ष गेलं हे खरं, पण प्रत्येक राज्याने असा आपापला दरवाजा लावला तर कचरा जिथे आहे तिथेच, जास्त वाईट अवस्थेत पडून राहतो. म्हणून मला त्यापेक्षा पुढचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं: पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांची संघटना केंद्राच्या ऊर्जा खात्याबरोबर बसली आणि विपच्या वाहतुकीची सगळी रीत एकत्र लिहून काढली.

त्यात अगदी साध्या साध्या गोष्टी आहेत. निघायच्या आधी ट्रकची 'लेव्हल सहा' म्हणजे खास किरणोत्सारी मालाच्या ट्रकसाठीची कडक तपासणी होते, एकही दोष चालत नाही, आणि ती सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या एकाच पद्धतीने होते त्यामुळे पुढच्या राज्याला तिच्यावर विश्वास ठेवता येतो, प्रत्येक सीमेवर तेच काम पहिल्यापासून करावं लागत नाही. ट्रकमधे दोन ड्रायव्हर असतात, ठरावीक अंतराने थांबून ट्रक आणि माल बघतात. ट्रक कुठे आहे हे उपग्रहावरून राज्यालाही दिसतं. हवामान खराब असेल तर ट्रक निघतच नाही आणि वाटेत वादळाने गाठलं तर सुरक्षित पार्किंग कुठे करायचं हे आधीच बोलून ठेवलेलं असतं. तुम्हाला तुमच्याकडचा वारा आणि बर्फ माहितीये, आय-८० बंद होणं काही नवीन नाही. अशा वेळी ट्रक तुमच्या सीमेवर अडकण्यापेक्षा युटामधेच थांबलेला बरा, पण त्यासाठी युटाला वायोमिंगचा रस्ता कसा आहे हे वेळेत कळायला हवं. सहकार्य सहकार्य म्हणतात ते हेच, वेळेवर केलेला एक फोन.

प्रश्न: रस्ता कोण ठरवतं? एखादं राज्य आपली बला शेजारच्यावर ढकलू शकत नाही का?

नियमाने तरी नाही. जास्त किरणोत्सारी मालासाठी साधारण इंटरस्टेट हायवे वापरायचा आणि शहराला वळसा घालणारा बायपास असेल तर तो घ्यायचा. राज्याला वेगळा मार्ग ठरवता येतो, पण आधी धोक्याची तुलना करावी लागते आणि ज्या शेजाऱ्यांवर परिणाम होईल त्यांच्याशी बोलावं लागतं. न्यू मेक्सिकोत सँटा फेला वळसा घालणारा रस्ता विपसाठी मिळालेल्या केंद्राच्या पैशातून झाला. आयडाहोचा ट्रक युटा, वायोमिंग, कोलोरॅडो असा करत तिथे पोचतो, म्हणजे एकाने मार्ग हलवला की बाकीच्यांचं गणित बदलतंच.

आणि फक्त राज्यंच नाहीत, मूलनिवासी जमातींच्या जमिनीवरूनही हे रस्ते जातात. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आणि काही प्रकारचा आण्विक कचरा जाणार असेल तर गव्हर्नरला आधी कळवायचा नियम जुना आहे, जमातींना कळवायचा नियम २०१२ मधे आला. फार उशीर झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: माझा नवरा गावाच्या फायर डिपार्टमेंटमधे व्हॉलंटियर आहे. त्याला याचं ट्रेनिंग मिळायला हवं का? आणि खरंच अपघात दिसला तर काय करायचं?

मिळायला हवं, आणि एकदा मिळून भागत नाही. विपच्या मार्गावरच्या राज्यांना ट्रेनिंगसाठी मदत द्यायची हे १९९२ च्या विपच्या कायद्यातच आहे. वापरलेल्या इंधनाच्या वाहतुकीसाठी १९८२ च्या कायद्यात राज्यांना आणि जमातींना ट्रेनिंगचे पैसे द्यायची तरतूद आहे, पण ते इंधन न्यायला कायमची जागाच अजून तयार नाही, त्यासाठी ठरवलेल्या नेवाडातल्या युक्का माउंटनचं काम अडकून पडलं. मला काळजी वाटते ती इथे. व्हॉलंटियर बदलतात, काही गाव सोडतात, आणि फेब्रुवारी २०१४ मधल्या आग आणि गळतीनंतर विपकडे येणारे ट्रक २०१७ पर्यंत बंद होते तसा मोठा खंड पडला की शिकलेलं विसरायला होतं. नवऱ्याला राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन ऑफिसमधे फोन करून ऊर्जा खात्याच्या रेडिओलॉजिकल ट्रेनिंगबद्दल विचारायला सांगा, ते ट्रेनिंग नेमकं अशा पहिल्यांदा पोचणाऱ्या लोकांसाठीच बनवलंय.

त्याला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा: अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून जी आपत्कालीन मार्गदर्शिका काढतात, फायरच्या गाडीत असते ती, तिच्यात स्वच्छ लिहिलंय की जखमींना वाचवणं, प्रथमोपचार आणि आग विझवणं हे किरणोत्सार मोजण्याच्या आधी. मीटर येईपर्यंत जखमी ड्रायव्हरला ताटकळत ठेवायचं नाही.

तुम्ही स्वतः तिथे असाल तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला थांबा, निदान २५ मीटर लांब, सांडलेल्या कशालाही हात लावू नका. ९११ ला फोन करा आणि ट्रकवरच्या पाटीवरचा चार अंकी नंबर लांबून वाचता आला तर तो सांगा. जवळ गेला असाल तर निघून जाऊ नका, तपासणी होईपर्यंत तिथेच थांबा, आणि तोपर्यंत काही खाऊपिऊ नका.