टीव्हीच्या वर सेंटर स्पीकर बसवायचा असेल तर त्याला आधार कशाचा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की टीव्ही भिंतीवर टांगलेला आहे, खाली कपाट असल्यामुळे सेंटर स्पीकरला, म्हणजे संवाद ऐकवणाऱ्या मधल्या स्पीकरला, जागा उरत नाही, म्हणून तो वर घ्यायचा आहे. आता भिंतीला ब्रॅकेट मारून फळी घालावी, टीव्हीच्याच माउंटला जोडून घ्यावा, की टीव्हीच्या वर लाकडी खण करून त्यात ठेवावा, असा प्रश्न आहे. पहिले दोन्ही प्रकार चालतात. तिसरा करू नका. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण त्या खणावरून माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी ब्रॅकेट. सेंटर स्पीकर 8 किलोचा असू शकतो, 20 किलोचाही असू शकतो. लोक वजन बघतात, ब्रॅकेटवर छापलेला आकडा बघतात आणि निर्धास्त होतात. पण ताण येतो वरच्या स्क्रूवर, कारण तो भिंतीतून बाहेर ओढला जातो. समजा स्पीकर 12 किलोचा आहे आणि त्याचा भार भिंतीपासून 18 सेंटिमीटरवर पडतोय. ब्रॅकेटची भिंतीला टेकणारी उभी बाजू 25 सेंटिमीटरची असेल तर वरच्या स्क्रूंवर सगळी मिळून साधारण 9 किलोची ओढ येते. तीच बाजू 10 सेंटिमीटरची घेतलीत तर ओढ 22 किलोच्या आसपास जाते. स्पीकर तोच, फळी तीच. त्यामुळे दिसायला नाजूक म्हणून आखूड ब्रॅकेट आणू नका. स्क्रू धरणारी गिट्टी प्लास्टरच्या पुढे विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेली पाहिजे. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत असेल तर साध्या गिट्टीवर विसंबू नका, त्या ब्लॉकसाठी वेगळे लांब अँकर मिळतात ते वापरा. जिप्समचं पार्टिशन असेल तर स्क्रू आतल्या उभ्या चॅनेलमध्येच बसला पाहिजे, नुसत्या बोर्डात नाही. आणि सॉकेटच्या सरळ वरच्या रेषेत ड्रिल लावू नका, वायरचा पाइप बऱ्याचदा तिथूनच वर गेलेला असतो.

टीव्हीच्या माउंटला जोडायच्या पट्ट्या मिळतात. टीव्हीच्या मागे जी चार भोकं असतात, त्यांतूनच त्या माउंटबरोबर कसल्या जातात आणि वर एक छोटी फळी येते. स्थिर माउंट असेल तर ही सोय चांगली आहे, भिंतीला नवीन भोकं पडत नाहीत. फक्त माउंटची क्षमता टीव्ही आणि स्पीकर दोघांच्या वजनाला पुरली पाहिजे. बाहेर ओढायच्या हाताचा माउंट असेल तर हा नाद सोडा. हात लांब केला की भार वाढतो, आणि वरचं वजन टीव्हीला पुढे झुकवत राहतं. टीव्हीच्या कडेवर चिकटवायच्या किंवा अडकवायच्या छोट्या फळ्या सेट टॉप बॉक्ससाठी असतात, त्यांवर स्पीकर ठेवायचा विचारही करू नका.

आता खण.

दादाने घर नवं केलं तेव्हा टीव्हीची अख्खी भिंत लाकडी पॅनेलने मढवून घेतली. टीव्हीच्या वर स्पीकरसाठी खोल खण, खणाच्या पुढच्या कडेला चार सेंटिमीटरची पट्टी आणि समोर सोफ्याच्या कापडाशी जुळणारं जाड कापड. स्पीकर दिसायलाच नको, ही त्याची आणि सुताराची एकमताने घेतलेली भूमिका. मी तेव्हाच म्हणाले होते की स्पीकर पुढे आणा. ‘आवाज काय, कुठूनही येतो,’ असं उत्तर मिळालं.

आई त्याच घरात असते. काही महिन्यांत तिची तक्रार सुरू झाली की संवाद कळत नाहीत. ती नेमकं म्हणायची, ‘आवाज पोचतो रे, शब्द पोचत नाहीत.’ दादाने रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, सेंटरची पातळी वाढवली. मग गडगडाट वाढला, शब्द होते तिथेच राहिले. मग घरात ठरलं की आईचे कान गेले. तपासणी झाली, वयाच्या मानाने जेवढं कमी व्हायला हवं तेवढंच झालेलं निघालं. तरी सगळे तिच्याशी ओरडून बोलायला लागले. आणि ती हळूहळू जेवणं झाली की सिनेमा सुरू व्हायच्या आत आपल्या खोलीत जायला लागली. विचारलं तर म्हणायची, ‘मला काय, तुम्ही बघा.’ हे मला आजही सहन होत नाही. एका पट्टीसाठी आणि एका कापडासाठी माणूस बैठकीतून उठून गेला होता.

मी गेले तेव्हा आईच्या खुर्चीत बसून वर बघितलं, मोबाइलचा टॉर्च खणाकडे धरला. कापड बाजूला केलं तरी ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे बारीक स्वर काढणारा छोटा भाग, दिसेना. मग मोजमाप घेतलं. टीव्ही मुळात उंच लावलेला, त्यामुळे स्पीकर जमिनीपासून 185 सेंटिमीटरवर. बसलेल्या माणसाचा कान साधारण 100 वर. अंतर अडीच मीटर. म्हणजे स्पीकरपासून कानापर्यंतची रेषा सुमारे 19 अंशांनी खाली उतरते. ट्विटर खणाच्या तळापासून 8 सेंटिमीटर वर होता आणि कडेपासून 20 सेंटिमीटर आत. एवढ्या अंतरात ती रेषा जवळजवळ 7 सेंटिमीटर खाली येते, म्हणजे कडेपाशी तळाच्या फक्त सेंटिमीटरभर वर. आणि तिथे चार सेंटिमीटरची पट्टी उभी. ट्विटर सरळ पट्टीमागे झाकलेला.

खालचे स्वर अशा अडथळ्याला वळसा घालून येतात, वरच्या स्वरांना ते जमत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती बऱ्याच अंशी या वरच्या स्वरांवरून, आणि वयाबरोबर कान पहिल्यांदा तिथेच कमी होतात. त्यात जाड कापड तेच स्वर शोषतं. त्यात समोर सोडून सगळीकडून बंद खण बासला, म्हणजे खालच्या स्वरांना फुगवतो, स्पीकरचं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागे असेल तर आणखीनच. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात, त्यामुळे बाकीचे चार स्पीकर कितीही चांगले असले तरी इथे उपयोग नाही. पातळी वाढवली तर फुगलेलं तेही वाढतं.

सुताराला बोलावून मी पट्टी काढवली, कापड उतरवलं, स्पीकर इतका पुढे घेतला की त्याचा चेहरा खणाच्या कडेच्या बरोबरीत आला. मागच्या बाजूला रबराचे तुकडे देऊन तो खाली झुकवला, बाजूच्या फटींत फोम भरला. रिसीव्हरला हात लावला नाही, हे मुद्दाम सांगते. त्या रात्री आई बसली. आधी बघितलेलाच सिनेमा लावला होता. मध्येच म्हणाली, ‘हा असं म्हणतो होय!’ मग तिने स्वतःच सांगितलं, ‘ती पट्टी धर बरं परत जागेवर.’ मी स्टुलावर चढून पट्टी धरली, आईने डोळे मिटले. ‘गेलं,’ म्हणाली. पट्टी काढली. ‘आलं.’ दादा शेजारीच बसला होता. तरी आजपर्यंत त्याचं म्हणणं आहे की रिसीव्हरचं सॉफ्टवेअर त्याच सुमारास अपडेट झालं म्हणून फरक पडला. सॉफ्टवेअर पट्टी धरल्यावर बंद आणि काढल्यावर सुरू होत नाही. आई अजून रोज बैठकीत बसते.

त्यामुळे तुम्ही आधार कशाचाही द्या, बसल्या जागेवरून ट्विटर दिसलाच पाहिजे. फळी केलीत तर स्पीकरचा चेहरा फळीच्या कडेच्या थोडा पुढे किंवा बरोबरीत ठेवा. पुढे फळी उरली तर आवाज तिच्यावर आपटून मिसळतो. झुकवण्याचा हिशोब सोपा आहे. कानापेक्षा स्पीकर 55 सेंटिमीटर उंच आणि अंतर 3 मीटर असेल तर साधारण 10 अंश. 30 सेंटिमीटर खोलीचा स्पीकर असेल तर मागची बाजू पाच-सव्वापाच सेंटिमीटर उचलायची. झुकवलेला स्पीकर पुढे सरकतो, म्हणून खाली चांगलं रबर हवं आणि पुढे अगदी बुटकी अडणी हवी, एक सेंटिमीटर पुरते, ट्विटरच्या वाटेत यायला नको. शिवाय मागून एक पट्टा भिंतीला बांधून टाका. खाली माणसं बसतात, मुलं खेळतात. पट्ट्यासाठी स्पीकरच्या पेटीला स्वतः भोक पाडू नका. मागे मुळातच स्क्रूची जागा दिलेली असेल तर ती वापरा, नाहीतर पट्टा पेटीभोवती घ्या.

उंचीमुळे आवाज कपाळावरून आल्यासारखा वाटेल ही भीती मात्र फार धरू नका. डावं-उजवं आपल्याला जितकं नेमकं कळतं तितकं वर-खाली कळत नाही, आणि पडद्यावर ओठ हलताना दिसले की मन आवाज तिथेच नेऊन बसवतं. जमलं तर टीव्हीच थोडा खाली घ्या, अर्धी अडचण तिथेच सुटते.

काही गोष्टी राहिल्या. साधा दोन ड्रायव्हरचा (एक ट्विटर आणि एक खालच्या स्वरांचा) छोटा बुकशेल्फ स्पीकर उभा ठेवून सेंटर म्हणून वापरणार असाल तर झुकवणं जास्तच गरजेचं आहे, कारण त्यात वर-खाली कोन बदलला की दोन ड्रायव्हरांचा मेळ बिघडतो. बघणारं माणूस एकच असेल आणि बरोबर मध्ये बसत असेल तर सेंटर नसला तरी चालतं, रिसीव्हरमध्ये सेंटर नाही असं सांगायचं, संवाद डाव्या-उजव्यातून मधोमध ऐकू येतात. कडेला बसणाऱ्याला मात्र ते जवळच्या स्पीकरमधून येत राहतील. आणि घरात कोणाला खरंच कमी ऐकू येत असेल तर तपासणी कराच, स्पीकर हलवून कान सुधारत नाहीत.

खणच करायचा हट्ट असेल तर निदान कापड स्पीकरच्या जाळीचं घ्या. तोंडाला लावून फुंकर मारली की ती सहज पार गेली पाहिजे. आणि काहीही पक्कं करण्याआधी स्पीकर शिडीवर त्याच उंचीला ठेवा, कोणाला तरी धरायला सांगा, आणि घरात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याला त्याच्या नेहमीच्या जागी बसवून एक संवादांनी भरलेला प्रसंग ऐकवा. त्याने होकार दिला की मग ड्रिल काढा.