बिल्ड एकच, सेटिंग बाहेरून

प्रश्न : आमच्या अ‍ॅप्लिकेशनच्या डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि प्रॉडक्शन अशा तीन एन्व्हायर्नमेंट (ते चालवण्याची ठिकाणे) असून प्रत्येकीची कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगची, फाइल पासवर्डसह गिटमध्येच (कोडच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) ठेवलेली आहे. टेस्टिंगच्या फाइलमध्ये ईमेल सर्व्हरची नोंद राहून गेली, त्यामुळे कोडमधला डीफॉल्ट (काही दिले नाही तर आपोआप लागू होणारा) पत्ता वापरला गेला आणि चाचणीचे ईमेल खऱ्या ग्राहकांना गेले. यापुढे प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी वेगळी बिल्ड (कोडपासून तयार होणारी, चालवता येणारी आवृत्ती) करावी का?

उत्तर : वेगळी बिल्ड मुळीच करू नये, कारण मग जी बिल्ड तपासली ती ग्राहकांपर्यंत पोहोचतच नाही आणि चाचणीला अर्थ उरत नाही. बिल्ड एकदाच तयार व्हावी, तीच पुढे जावी आणि ठिकाणागणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, ईमेल सर्व्हर, पासवर्ड, तिला सुरू होताना बाहेरून मिळाव्यात. अ‍ॅप्लिकेशन चालवण्याची क्लाउड सेवा देणाऱ्या हेरोकूच्या अभियंत्यांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या नियमावलीत यासाठी एक सोपी कसोटी आहे : कोड याच क्षणी सर्वांसाठी खुला केला, तरी एकही पासवर्ड उघडा पडता कामा नये. तुमचा कोड या कसोटीला उतरत नाही.

तुमच्या अपघाताचे मूळ मात्र फायलींच्या संख्येत नसून त्या डीफॉल्टमध्ये आहे. टाइमआउट किंवा एका पानावरील नोंदींची संख्या यांना डीफॉल्ट असायला हरकत नाही. पण ज्या सेटिंगमुळे अ‍ॅप्लिकेशन बाहेर काही पाठवते किंवा लिहिते, ती मिळाली नाही तर प्रोग्रॅमने सुरू होण्यासच नकार द्यावा आणि कोणती नोंद गहाळ आहे ते लॉगमध्ये नावानिशी लिहावे. यामुळे एखादे डिप्लॉयमेंट (नवी बिल्ड सर्व्हरवर चढवणे) ऐन वेळी अडेल आणि सहकारी चिडतील. त्यांना चिडू द्यावे. फ्रेमवर्कचे, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर प्रोग्रॅम उभारला जातो त्याचे, डीफॉल्टही माहीत असावेत. उदाहरणार्थ, एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कला एन्व्हायर्नमेंटचे नाव दिलेच नाही, तर ते स्वतःला प्रॉडक्शनमध्ये समजते.

सेटिंग वाचण्याचे काम कोडमध्ये एकाच जागी व्हावे, कारण सेटिंग बाहेरून देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची प्रत्येक किंमत म्हणजे नुसती अक्षरे असतात. पायथनमध्ये ‘फॉल्स’ ही अक्षरे थेट बूल (खरे की खोटे ते ठरवणाऱ्या) फंक्शनला दिली, तर ती रिकामी नसल्यामुळे उत्तर ‘ट्रू’ येते आणि बंद केलेली सोय निमूटपणे चालू राहते.

पासवर्डच्या फायली गिटमधून काढून टाकल्याने काम संपत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या नोंदींत) ते वाचता येतातच; म्हणून सगळे पासवर्ड आधी बदलावेत. गिटमध्ये केवळ नावे असलेली, किमती रिकाम्या ठेवलेली नमुना फाइल असावी. अनेक सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन चालवणारी कुबरनेटीस ही प्रणाली वापरत असाल, तर त्यातील ‘सीक्रेट’ या नावावर विसंबू नये : तेथील मजकूर मुळात बेस-६४ मध्ये, म्हणजे कोणालाही सहज उलगडता येईल अशा लिहिण्याच्या पद्धतीत असतो, ते एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय न उलगडणारे कुलूपबंद रूप) नव्हे. एन्क्रिप्शन वेगळे चालू करावे लागते, आणि हे सीक्रेट वाचण्याचा अधिकारही मोजक्याच लोकांना द्यावा.