जुनी कादंबरी आधी वाचावी की नवी?

मराठी कादंबरी वाचायला सुरुवात करताना हरिभाऊ आपट्यांच्या काळापर्यंत मागे जाण्याची गरज आहे का, की थेट समकालीन लेखन हाती घेतले तरी चालेल, असे आपण विचारले आहे. आमच्या घरात हा वाद पंचवीस वर्षे चालू आहे, म्हणून लिहिते.

मी अकरावीत असताना पुण्यात शिकणाऱ्या दादाने मला भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आणून दिली आणि सोबत निकालही देऊन टाकला की, तिच्या, म्हणजे १९६३ च्या, आधीचे मराठीतले काही कादंबरी म्हणून वाचण्याच्या लायकीचे नाही. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने मी गच्चीत दिवेलागणीपर्यंत वाचत बसले होते, त्यामुळे त्याचे म्हणणे मला पटले. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ मी पन्नासाव्या पानावर मिटली आणि पुढे बारा-तेरा वर्षे उघडली नाही.

त्याच काळात मी सोलापुरात रोज सेटलमेंट नावाच्या भागावरून जात-येत होते. सात रस्ता किंवा अशोक चौक म्हणावे, तितक्याच सहजपणे आम्ही सगळे हे नाव घेत असू. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्यांची हजेरी घेतली जात होती आणि आमच्याच शहराच्या गिरण्यांत ती माणसे राबत होती, हे मला तिशीत ‘बळी’ वाचल्यावर शोधावेसे वाटले. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी अशा वसाहतींतील कामाच्या अनुभवातून मांग-गारुडी समाजावर लिहिलेली ही कादंबरी १९५० ची आहे. ज्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे गेले, तो रस्ता मला दादाने बाद ठरवलेल्या काळातल्या पुस्तकाने दाखवला.

त्यानंतर मी ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या नायिकेकडे, यमूकडे, परतले. विधवा झालेल्या मुलीने स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगायची, ही योजना हरिभाऊंनी १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः चालवली होती. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर ‘मी’ म्हणून बोलू लागला त्याच्या सत्तर वर्षे आधी यमू बोलत होती, आणि शंकरमामंजींच्या घरातली तिची घुसमट मला मनीच्या पानांइतकीच सोसवेना. जुने म्हणजे नव्याची पूर्वतयारी, हे मत चुकीचे आहे. हप्त्याहप्त्याने लिहिलेली कादंबरी मात्र एका बैठकीत संपवू पाहू नये. मी रोज एक प्रकरण वाचले, तेव्हा तिचा लांबटपणा जाचला नाही.

म्हणून आपण काळाच्या क्रमाने जाऊ नका. आपल्या गावाची, घराची, धंद्याची ओळख ज्या पुस्तकात असेल तिथून सुरुवात करा, मग ते कोणत्याही सालचे असो. ‘कोसला’ वाचायची नाही, असे मात्र मी म्हणत नाही. माझे वाचन तिनेच सुरू केले.

‘बळी’ची लेखिका कुंपणाबाहेरची, अधिकारपदावरची होती, हा दादाचा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी तिच्यालगत लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचावे. ते १९८७ चे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण तिथे ज्यांच्यावर शिक्का मारला गेला त्यांच्यातलाच माणूस बोलतो. दादाने मात्र हा आक्षेप पुस्तक न वाचता घेतला आहे. मी दिलेली प्रत दोन वर्षे त्याच्या कपाटात आहे.