महामार्ग चौपदरी होणार असेल तर गावकऱ्यांचं म्हणणं कुठे ऐकलं जातं?

होय, ऐकलं जातं, पण मुदत फार थोडी असते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3अ खाली भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात निघते. तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राजपत्रातल्या तारखेपासून 21 दिवसांत जमिनीशी हितसंबंध असलेल्या कुणालाही कलम 3क नुसार लेखी हरकत घेता येते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, आपल्याकडे बहुधा प्रांताकडे, द्यायची. सुनावणी मागा आणि पोच घ्याच. त्यांचा निर्णय अंतिम असतो, म्हणून गट नंबर, विहीर, पाइपलाइन, शेताची वाट हे सगळं नकाशासकट मांडा. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहून हाती काही लागत नाही.

मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीही लागते, किमान 30 दिवसांची सूचना देऊन. जादा जमीन न घेता होणाऱ्या रुंदीकरणाला मात्र त्यातून सूट आहे.

भुयारी मार्ग, सेवारस्ता, गटारं, बसथांबा यांसाठी ग्रामसभेचा ठराव करून महामार्गाच्या प्रकल्प संचालकांना आराखडा पक्का होण्याआधीच द्या. शाळेची मुलं नि गुरं रस्ता नेमकी कुठून ओलांडतात, हे गावाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.