छोट्या उद्योगांसाठी इतक्या योजना आहेत, तरी ते मोठे का होत नाहीत? सबसिडी वाढवली तर फरक पडेल का?

उलटं वाटेल, पण सबसिडी वाढवली तर काही जण अजून हट्टाने लहान राहतील. मी बरीच वर्षं छोट्या कारखानदारांचे हिशोब, रिटर्न, बँकेचे कागद हेच बघतोय, त्यामुळे जे समोर टेबलावर येतं त्यावरूनच सांगतोय.

एक क्लायंट होता, सुटे भाग बनवायचा, काम एकदम चोख. वर्ष संपत आलं की त्याचा फोन ठरलेला, "साहेब आकडा कुठवर आलाय, अजून किती बिलं फाडू?" म्हणजे ऑर्डर दारात उभी आणि हा माणूस कुठं थांबायचं ते विचारतोय, कारण वर्षभराच्या विक्रीची ठरलेली मर्यादा ओलांडली की सवलत गेली. मग त्याने बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढली. शेड तीच, माणसं तीच, मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला, पट्ट्याच्या अलीकडची मशिनं ह्याची आणि पलीकडची तिची. कामगार दिवसातून पन्नास वेळा तो पट्टा ओलांडायचे. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

आणि हे काय एकट्या आपल्याकडचं नाही. फ्रान्समधे ५० कामगार झाले की कंपनीवर बऱ्याच नव्या जबाबदाऱ्या यायच्या, तर तिथे ४९ कामगारांवर थांबलेल्या कंपन्यांची अक्षरशः रांग दिसायची, अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीत दाखवून दिलंय. भारतात तर १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असा नियम होता, एका काळी ती यादी ८०० वस्तूंच्या वर गेली होती. हेतू चांगलाच होता हो, पण त्याचा अर्थ असा झाला की त्या वस्तूत तुम्ही हुशार असाल तरी मोठं युनिट टाकायला मोकळीक नाही, म्हणजे वाढलात की अडचण. यादी हळूहळू कमी होत होत शेवटच्या २० वस्तू २०१५ मधे काढल्या. जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

यात मूळ गोंधळ "लहान" आणि "नवीन" हे एकच समजण्यात आहे असं मला वाटतं. १९७९ मधे अमेरिकेत डेव्हिड बर्च या संशोधकांनी मांडलं की नोकऱ्या तयार होतात त्या जास्त करून छोट्या कंपन्यांत, ते जगभर सरकारांना आवडलं आणि "छोट्यांना मदत" हे धोरणच होऊन बसलं. पुढे २०१३ मधे अर्थशास्त्रज्ञ जॉन हाल्टिवांगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेचीच आकडेवारी कंपनीच्या वयाप्रमाणे लावून बघितली, तर निघालं असं की खरा फरक वयाचा आहे, आकाराचा नाही. नव्या कंपन्या नोकऱ्या देतात (बऱ्याच पहिल्या काही वर्षांत बुडतातही, पण ज्या टिकतात त्या झपाट्याने वाढतात). तीस वर्षं जुना आणि तीस वर्षं तेवढाच असलेला उद्योग वाईट नाही, मालकाला तेवढंच हवं असेल, पण त्याला वाढीच्या नावाखाली सवलत देत राहायची तर वाढ कुठून येणार?

म्हणून योजना बघताना मी आधी बघतो की ती संपते कशी. फ्रान्सने २०१९ च्या कायद्यात बदल केला, सलग पाच वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तरच त्यातल्या बऱ्याच जबाबदाऱ्या लागू. भारतानेही २०२२ मधे ठरवलं की उद्योग सूक्ष्म, लघु, मध्यम यातल्या वरच्या श्रेणीत गेला तरी करांशी संबंधित नसलेले फायदे तीन वर्षं चालू राहतील. छोटीशी गोष्ट वाटते, पण कड्याच्या जागी उतार केला की माणूस उडी मारायची भीती सोडतो.

आता दुसरी भानगड, ती सबसिडीपेक्षा मोठी आहे आणि तिच्यावर भाषणात कोणी बोलत नाही. उधारी. ऑर्डर दुप्पट झाली की माल दुप्पट घ्यावा लागतो, पगार दर महिन्याला, आणि पैसे मोठ्या गिऱ्हाइकाकडून चार महिन्यांनी. धंदा कागदावर नफ्यात आणि बँकेत खडखडाट. वाढता धंदा बुडतो तो बऱ्याचदा असाच, गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे. युरोपात २०११ च्या निर्देशानुसार सरकारी खात्यांनी साधारण ३० दिवसांत पैसे द्यायचे, कंपन्यांनी आपसात सहसा ६० दिवसांत. भारतात २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवस, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ऐकायला जबरदस्त! पण व्याज मागायचं म्हणजे पुढची ऑर्डर विसरायची, म्हणून माझ्या ओळखीत ते कोणी मागितलेलं मला आठवत नाही.

त्यापेक्षा आयकरातली ४३बी(एच) ही तरतूद मला जास्त पटली, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणजे छोट्याला भांडावं लागत नाही, मोठ्याचाच सीए त्याच्या मागे लागतो. पहिल्या वर्षी मार्चमधे माझ्या क्लायंटकडे अशा ठिकाणांहून पैसे आले जिथे तो फोन करून करून थकला होता. तोटेही आहेतच, काही खरेदीदार म्हणायला लागले तुमची लघुउद्योगाची नोंदणी रद्द करा मग माल घेतो. शिवाय हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच, मध्यमला नाही. म्हणजे परत तीच रेघ.

तेव्हा तुमच्या प्रश्नापुरतं म्हणाल तर सबसिडीची रक्कम तेवढीच ठेवली तरी चालेल, सरकारने आधी स्वतःच्या खात्यांची थकलेली बिलं वेळेवर द्यावीत आणि सवलती नव्या उद्योगांकडे वळवाव्यात. हे बोलायला सोपं आहे मला माहितीये, जुन्यांची सवलत काढणं कुठल्याही सरकारला जड जातं. माझ्या त्या क्लायंटलाच मध्यंतरी विचारलं की आता मर्यादा वाढल्यात, दोन्ही फर्म एक करूया का, कागदं निम्मी होतील. तो म्हणाला "राहू द्या साहेब, परत वाढलो तर पट्टा परत मारावा लागेल."