तलावाचं पाणी जातं कुठे?

प्रश्न : निपाणीजवळ मळ्यात आम्ही तीन वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव बांधला. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर. दिवाळीनंतर रोज बोटभर पाणी उतरतंय. गवंडी म्हणतो, सगळ्या टाइल्स उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करावं लागेल. खर्च ऐकून घरातली मंडळी तलाव बुजवायच्या गोष्टी करताहेत. काय करावं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : बुजवू नका, आणि टाइल्सना हातोडाही लावू देऊ नका. पाणी कुठून जातंय हे कळायच्या आधी तोडफोड करणं मला अजिबात मान्य नाही. तुमच्या मापाच्या तलावात एक मिलिमीटर पाणी उतरलं की ५० लिटर गेलं. बोटभर म्हणजे १५ मिलिमीटर धरले तरी रोजचे ७५० लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढ्या पाण्यावर एका कुटुंबाचा दिवस निघतो, म्हणून ही गळती काढायलाच हवी.

आधी वाफ किती आणि गळती किती ते वेगळं करा. तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवा, तळाशी दगड घाला आणि बाहेरच्या पाण्याच्या बरोबरीने तिच्यात पाणी भरा. बादलीवर आतून आणि बाहेरून रेघ मारा. चोवीस तास कुणी पोहायचं नाही, पाणी सोडायचं नाही. उन्हाने दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरतं. बाहेरचं जास्त उतरलं तर तेवढी गळती. हे एकदा पंप चालू ठेवून करा, एकदा बंद ठेवून. चालू असताना जास्त जात असेल तर पंपाकडून तलावात येणारा पाईप तपासा. बंद असताना जास्त जात असेल आणि पंप लावल्यावर पाण्यातून बुडबुडे येत असतील, तर दोष तलावातून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाईपमध्ये. फिल्टर धुतल्यावर घाण पाणी बाहेर काढणारा पाईपही बघा. व्हॉल्व्ह नीट बसला नसेल तर तिथून गुपचूप पाणी जात राहतं.

दोन्ही वेळा सारखंच गेलं तर पंप बंद ठेवून पाणी आपोआप कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या (पाण्यावरचा पालापाचोळा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या खोक्याच्या) तोंडाच्या खालच्या कडेला थांबलं तर स्किमर. दिव्याच्या पातळीला थांबलं तर दिवा. दिव्याची वायर भिंतीतून एका पाईपमधून जाते, त्याचं तोंड बंद केलेलं नसतं, आणि त्याचा मातीतला एखादा जोड सुटला की पाण्याला वाट मिळते. दिव्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचाच. मग पाणी निवांत होऊ द्या, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये खाण्याचा लाल रंग भरा आणि दिव्याच्या कडेला थेंबभर सोडा. गळती असेल तिथे रंग पसरत नाही, त्याची बारीक तार होऊन फटीत खेचली जाते. स्किमरच्या कडेला आणि भिंत-तळाच्या कोपऱ्यातही हेच करा.

तुमच्या पत्रातला ‘दिवाळीनंतर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तुमच्या मळ्यात काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि पाऊस गेला की आक्रसून भेगाळते. त्या हालचालीत काँक्रीटच्या टाकीला सहसा इतकं होत नाही, पण मातीत नुसते पुरलेले पाईप ओढले जातात आणि प्लॅस्टिकचा स्किमर काँक्रीटपासून सुटतो. माझा पहिला संशय तिथेच आहे. पाईपची दोन्ही टोकं बंद करून प्लंबरकडून दाब लावून घ्या. दाब दाखवणारा काटा खाली आला तर तेवढीच जागा उकरा, जोड बदला आणि पाईपभोवती काळी माती न घालता वाळू किंवा मुरूम भरा.

टाइल्सच्या सांध्यांमधलं ग्राउट पाणी अडवण्यासाठी नसतंच. ते काम मागच्या काँक्रीटचं आणि वॉटरप्रूफिंगचं. तळ आणि भिंत यांचं ओतकाम वेगवेगळ्या दिवशी झालं आणि मधे सांध्यातून पाणी अडवणारी वॉटरस्टॉप पट्टी घातली नाही, किंवा ओलं काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर न फिरवल्याने काँक्रीटला जाळी पडली, म्हणजे आत पोकळ्या राहिल्या, तर तिथे खरंच दुरुस्ती लागते. म्हणूनच टाइल्स लावण्याआधी तलाव आठवडाभर भरून ठेवून बघायचा असतो. तुमच्याकडे तो भरून बघितला होता का, एवढं गवंड्याला जरूर विचारा.

प्रश्न : आमचा तलाव खानापूरच्या बाजूला आहे. पावसाळ्यात कुणी पोहत नाही, म्हणून जूनमध्ये रिकामा करून ठेवू का? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मुळीच नको. तुमच्याकडे जुलैत विहिरी काठोकाठ येतात, म्हणजे तलावाच्या तळाखालीही पाणी चढलेलं असतं. आतलं पाणी काढलं की ते पाणी रिकाम्या टाकीला खालून वर रेटतं. तळाला तडे जातात, कधी अख्खी टाकीच वर उचलली जाते. दीड मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरवर दीड टन वजन, ते तिथेच असू द्या. धुण्यासाठी रिकामा करायचाच असेल तर एप्रिलमध्ये करा, आणि तेव्हाही आधी शेजारच्या विहिरीचं पाणी तलावाच्या तळापेक्षा खाली आहे ना, ते बघा.